पक्षाघातानंतर पुनर्वसन केंद्रातून घरी : या चुका टाळा

केंद्रात मामांच्या (तिथल्या मदतनिसांच्या) आधाराने खुर्चीत बसणारे बाबा घरी आल्यावर थोड्याच दिवसांत कुशीवरसुद्धा वळेनासे होतात. पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरी ही तक्रार नेहमीची. हातापायातली ताकद अचानक गेली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो नवा झटका असू शकतो. लगेच 108 ला फोन करा. पण हळूहळू कमी होत गेलेली हालचाल पुष्कळदा आपल्या मायेपोटीच गेलेली असते. जे ते धडपडत करत होते, ते आपण झटपट उरकून टाकतो. बटणं आपण लावतो, घास आपण भरवतो. मेंदू पुन्हा शिकतो तो त्या धडपडीतूनच, आणि सुधारणेचा वेग पहिल्या 3 महिन्यांत सर्वांत जास्त असतो. म्हणून एका बटणाला दहा मिनिटं लागली तरी लागू द्या. शर्ट घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती लुळा हात धरून ओढण्याची. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. ओढल्यावर सांधा सरकतो आणि दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. काखेत हात घालूनही उचलू नका. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. चाकाची खुर्ची चांगल्या बाजूला, पलंगाला खेटून ठेवा आणि ब्रेक लावा. मग त्यांना पुढे वाकू द्या. नाक पावलांच्या वर आलं की बूड आपसूक सुटतं, आपल्याला फक्त तोल सांभाळायचा असतो. बसल्यावर लुळा हात लोंबकळत न ठेवता उशीवर ठेवा.

आजारी माणसाला पातळ द्यायचं, हा आपल्याकडचा रिवाज इथे अंगाशी येतो. गिळायला त्रास असेल तर पाणी आणि चहाच सर्वांत अवघड. ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. घोट घेतल्यावर ठसका लागला किंवा आवाज घरघरला तर थांबा. केंद्रात ठरवून दिलेला पेयांचा दाटपणा स्वतःहून बदलू नका. सरळ बसवूनच भरवा आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका.

एअर बेड (हवेची गादी) आणला तरी दर 2 तासांनी कूस बदलावीच लागते. माकडहाड आणि टाचा रोज बघा. बोटाने दाबूनही लाली फिकी होत नसेल तर तिथे जखम सुरू झाली आहे. चोळू नका, त्या जागेवरचा भार काढा आणि डॉक्टरांना दाखवा. एकाच पोटरीला सूज असेल तर मालिश बंद करून लगेच डॉक्टरांना गाठा, आत रक्ताची गुठळी असू शकते. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी थांबवू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.

नर्सिंग ब्युरोच्या मावशी (रुग्णाची काळजी घेणाऱ्या मदतनीस) ठेवणार असाल तर त्यांना डिस्चार्जच्या आधीच केंद्रात बोलवा. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर नेणं फिजिओंच्या देखत त्यांच्याकडून करवून घ्या. आणि घरातल्या एकाने तरी ते शिकून घ्या, कारण मावशींना सुट्टी असते.