एमजीबी सांभाळताना या चुका टाळा (त्यातल्या तीन माझ्याच)

काकांची एमजीबी माझ्याकडे आली ती दोन चाव्या, एक पत्र्याची ट्रंक आणि सहा वह्यांसकट. ब्रिटनच्या एमजी कंपनीची, उघड्या टपाची 1966 ची लाल रोडस्टर. काकांनी ती 1975 साली दिल्लीहून आणली. दूतावासातल्या लोकांच्या परदेशी गाड्या तेव्हा सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या. तेव्हापासून बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात तिचा मुक्काम. ऑइल कधी बदललं, प्लग कुठून आणले, सगळं वहीत. मी मात्र वही उघडायच्या आधी बोनेट उघडलं.

पहिल्या वहीच्या पहिल्याच पानावर लाल पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केलं होतं: ‘पॉझिटिव्ह अर्थ’. 1967 पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोब्बर उलटं. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. मी त्या काढून बारा व्होल्टची एक बसवली आणि सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावला. ठिणगी उडाली, डायनॅमो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कट-आउटचे पॉइंट (विजेचे संपर्क) चिकटले, आरपीएम मीटरचा काटा पडला तो पुन्हा उठलाच नाही. मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आ तो ऊंधुं छे, भाई." (हे तर उलटं आहे.) ते वाक्य मला साधारण पगाराच्या पाव हिश्शाला पडलं.

दुसरी चूक जास्त महाग पडता पडता राहिली. गाडी हळू करून पहिला गिअर टाकला की करकर आवाज. गॅरेजवाल्याने निकाल दिला: गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तिसऱ्या वहीत काकांचं अक्षर: ‘पहिल्याला सिंक्रो नाही. गाडी पूर्ण थांबू द्यावी.’ सिंक्रोमेश म्हणजे गिअर जुळताना त्यांचा वेग एकसारखा करणारी रचना; पहिल्या गिअरला ती 1967 च्या अखेरीस आलेल्या मॉडेलपासून मिळाली. म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत होता, घाई माझी होती.

टॅपेटचंही (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या फटीचंही) तसंच. थोडा टकटक आवाज येतो म्हणून गॅप कमी करू नका. थंड इंजिनवर 0.015 इंच ठेवायची. आवळलेले टॅपेट गप्प बसतात आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जाळतात.

आता बडोद्याचा मे महिना. अलकापुरीच्या सिग्नलला गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते. इथे बहुतेक जण कार्ब्युरेटर उघडतात, जेट फिरवतात आणि असलेलं ट्यूनिंगही घालवतात. मीही तेच केलं. या इंजिनात दोन्ही एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात, आणि मधला पत्रा ती धग अडवतो. माझा पत्रा रंगकामाच्या वेळी निघाला तो फळीवरच राहिला होता! पेट्रोल कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या भांड्यातच उकळत होतं. काकांच्या 1983 च्या मेमधली नोंद दोनच ओळींची: ‘पत्रा परत बसवला. बंद पडणे थांबले.’ मी चार रविवार घालवले होते.

बंद पडल्यावर आधी इग्निशन चालू करून कान द्या. मागच्या उजव्या चाकाकडे असलेला, टाकीतून पेट्रोल ओढणारा एसयूचा इलेक्ट्रिक पंप टकटक करत असेल तर तो जिवंत आहे. अगदीच गप्प असेल तर त्याचे पॉइंट बघा. पान्याच्या दांड्याने हलकेच टकटकवलं तर घरापर्यंत पोचवतो, पण तो इलाज नव्हे. न थांबता भराभर टकटकत असेल तर टाकीत पेट्रोल आहे का ते पाहा. हसू नका, झालंय.

पेट्रोल पंपावर हल्ली वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या त्यात मऊ पडतात, त्यांचे कण फ्लोटच्या सुईत अडकतात. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवा आणि टाकी भरून महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवू नका. ‘एकाच मालकाची, कमी चाललेली’ या शब्दांवर भाळणाऱ्यांना हे आवर्जून सांगतो: उभी गाडी जास्त सडते. ब्रेकच्या नळ्या आतून फुगतात आणि पाय उचलला तरी ब्रेक सुटत नाही.

कागदांच्या बाबतीत एकच. जुनं आरसी पुस्तक फाटकं म्हणून टाकू नका. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. रंगारी चॅसी नंबरच्या पट्टीवर पॉलिश पेपर घेऊन येईल, त्याचा हात धरा.

2024 च्या ऑगस्टात मगरींची विश्वामित्री नदी शहरात शिरली. एमजीबीची बॅटरी अगदी खालच्या खणात असते, म्हणून आदल्या संध्याकाळी ती काढली आणि गाडी चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवली. मागच्या ॲक्सलचं ऑइल आणि ब्रेक ऑइल नंतर बदललं. पाणी गेलं नसेल असं समजून चालत नाही. सहाव्या वहीत माझी पहिली नोंद तेव्हाची: ‘पाणी हबपर्यंत. बॅटरी माळ्यावर. मगर आली नाही.’