पुराचा निरोप पाठवताना या चुका टाळा

पावसाने जोर धरला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो: ‘राधानगरी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले, २८५६ क्युसेक विसर्ग, नागरिकांनी सतर्क राहावे.’ माहिती खरी असते. पण पंचगंगेकाठच्या घरात ती वाचून नेमकं काय करायचं? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. त्यावरून उंबऱ्याला पाणी कधी लागणार, हे काही कळत नाही. पहिल्यांदा आकडा वाचून धास्ती वाटते, चौथ्यांदा कुणी वाचतही नाही.

त्याऐवजी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सांगा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. आणि त्या फुटांना गावातली खूण जोडा: कितीला स्मशानाचा रस्ता बंद होतो, कितीला तालमीच्या पायरीला पाणी लागतं. जुन्या माणसांना विचारून हे मे महिन्यातच लिहून ठेवा.

सगळ्यात महागात पडलेलं वाक्य म्हणजे ‘२००५ला पाणी इथवरच आलं होतं.’ भिंतीवरच्या त्या पुराच्या खुणेच्या भरवशावर २०१९ला कितीतरी कुटुंबं सामान माळ्यावर चढवून घरातच थांबली. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ला पुन्हा तेच झालं. भिंतीवरची खूण डोळ्यांना दिसते, म्हणून मनाला तीच हद्द वाटते. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्दही असेच घात करतात. ऐकणाऱ्याला वाटतं, येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात. खरा अर्थ असा की दरवर्षी १ टक्का शक्यता. त्याच घरात ३० वर्षं काढली, तर एकदा तरी तसा पूर बघण्याची शक्यता २६ टक्के होते.

नुसतं ‘घाबरू नका’ लिहू नका, त्यानं माणूस जास्त घाबरतो. ‘दिवस मावळायच्या आत जनावरं हायस्कूलच्या मैदानावर न्या, वैरणीची सोय केली आहे’ असं लिहा. गोठ्यात म्हैस बांधलेली असताना शेतकऱ्याचा पाय घरातून निघत नाही, हे निरोप लिहिणाऱ्यानं आधी ध्यानात घ्यावं.

तारीख आणि वेळ टाकाच, नाहीतर मागच्या वर्षीचा मेसेज पुन्हा फिरतो.

आणि पाणी आलंच नाही, तर गप्प बसू नका. ‘धरणक्षेत्रात रात्री पाऊस ओसरला, म्हणून पाणी ४१ फुटांवर थांबलं’ असं कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच कळवा. ते कळलं नाही, की गावात ‘उगाच पळवलं’ एवढंच बोललं जातं आणि पुढच्या वेळी तीच माणसं घर सोडत नाहीत.