पीडीएफ व्ह्यूअरचं सुरक्षा अपडेट: या चुका टाळा

जुलै २०१७ मध्ये उबुंटू आणि डेबियन या लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांसाठी एव्हिन्सचं एक तातडीचं सुरक्षा अपडेट आलं. एव्हिन्स हा जीनोम या लिनक्स डेस्कटॉपवर २०२५ पर्यंत मूळचाच असलेला 'डॉक्युमेंट व्ह्यूअर'. वीजबिल, सातबारा, परीक्षेचा निकाल, सगळं आपण त्यातच उघडतो. दोष शोधला होता गूगलच्या सुरक्षा पथकातल्या फेलिक्स विल्हेल्म यांनी, आणि तो पीडीएफशी संबंधित नव्हताच. एव्हिन्समध्ये कॉमिक बुकच्या फाईलीही उघडतात. त्यातला सीबीटी हा प्रकार म्हणजे चित्रांनी भरलेली टार फाईल, म्हणजे अनेक फाईलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं. आतलं चित्र काढून घेण्यासाठी एव्हिन्स टार ही कमांड चालवायचा आणि चित्राच्या फाईलचं नाव तिच्या हाती द्यायचा. आता ते नावच दोन आडव्या रेघा आणि 'चेकपॉइंट-ॲक्शन=एक्झेक' असं सुरू होत असेल आणि शेवटी नावापुरतं 'जेपीजी' असेल, तर टार त्याला फाईलचं नाव समजत नाही, स्वतःला दिलेला पर्याय समजते. मग त्या नावात लिहिलेली कमांड तुमच्या खात्याच्या पूर्ण अधिकारानिशी चालते. सुरक्षा दोषांच्या सीव्हीई या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१७-१००००८३ या क्रमांकाने हा दोष नोंदला गेला.

हे प्रकरण सविस्तर सांगितलं, कारण अपडेट करताना लोक ज्या चुका करतात त्यातल्या बऱ्याच इथे एकत्र दिसतात.

यादी आली म्हणजे दुरुस्ती झाली असं समजणं

एपीटी हे उबुंटू-डेबियनवर प्रोग्रामांची पॅकेजं बसवणारं साधन. त्याची 'सुडो एपीटी अपडेट' ही कमांड फक्त कोणती नवीन पॅकेजं आली आहेत त्याची यादी आणते. बसवत काहीच नाही. त्यानंतर 'सुडो एपीटी अपग्रेड' चालवावं लागतं. नावामुळे गोंधळ होतो हे खरं, पण फक्त पहिली कमांड चालवून निर्धास्त झालेले लोक आजही सर्रास भेटतात.

आवृत्तीचा आकडा पाहून घाबरणं

एव्हिन्सच्या मूळ प्रकल्पात ही दुरुस्ती ३.२४.१ मध्ये आली. उबुंटू १६.०४ वर मात्र अपडेटनंतरही आकडा ३.१८.२ च दिसत होता. असं दिसलं की काहींना वाटतं, आपल्याला दुरुस्ती मिळालीच नाही. मग ते कुठल्यातरी अनोळखी पीपीएवरून, म्हणजे कुणीतरी खाजगीत चालवलेल्या पॅकेजांच्या साठ्यातून, नवा एव्हिन्स आणून बसवतात, आणि तिथून पुढच्या दुरुस्त्या वेळेवर येतील याची खात्रीच उरत नाही. उबुंटू आणि डेबियनची स्थिर आवृत्ती अख्खा प्रोग्राम बदलत नाही. फक्त दुरुस्तीचा तुकडा जुन्या आवृत्तीवर चढवते आणि पॅकेजच्या क्रमांकाच्या शेपटीला एक आकडा वाढवते. ती शेपटीच बघायची. 'एपीटी चेंजलॉग एव्हिन्स' लिहिलं की कोणता सीव्हीई कधी बुजवला ते नोंदीत दिसतं. डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर आणि उबुंटूच्या सुरक्षा पानांवर सीव्हीई क्रमांक टाकूनही हे तपासता येतं.

एखादी सोय गेली म्हणून मागे फिरणं

२०१७ च्या त्या अपडेटनंतर उबुंटूवर सीबीटी फाईली उघडेनाशा झाल्या. अपडेटमध्ये काही बिघडलं नव्हतं. त्या प्रकाराचा आधार मुद्दामच काढून टाकला होता आणि सूचनेत तसं स्पष्ट लिहिलंही होतं. तरी 'अपडेटने बिघडवलं' म्हणून जुनं पॅकेज परत बसवणं आणि ते बदलू नये म्हणून त्याला 'होल्ड' लावून ठेवणं हा उपाय लोक एकमेकांना सुचवतात. माझ्या मते यापेक्षा वाईट सल्ला नाही. होल्ड लागलेलं पॅकेज पुढचं प्रत्येक सुरक्षा अपडेट नाकारत राहतं. 'एपीटी-मार्क शोहोल्ड' चालवून बघा. यादीत व्ह्यूअर किंवा त्याची लायब्ररी (तो वापरत असलेला तयार कोड) असेल, तर 'अनहोल्ड' करा. काहीतरी उघडेनासं झालं, तर आधी अपडेटची सूचना वाचा.

फक्त व्ह्यूअरकडे बघणं

माझ्या अनुभवात सगळ्यात मोठी चूक हीच. एव्हिन्स स्वतः पीडीएफ वाचत नाही. ते काम पॉपलर नावाची लायब्ररी करते. ओक्युलर आणि ॲट्रिल हे दुसरे व्ह्यूअरही तिच्यावरच उभे आहेत. पॉपलर हा जुन्या एक्सपीडीएफ प्रोग्रामपासून फुटलेला प्रकल्प. ही वंशावळ का महत्त्वाची, ते २०२१ च्या प्रकरणात कळतं.

पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एनएसओ कंपनीच्या एका हल्ल्याचा छडा सिटिझन लॅब या संशोधन गटाने लावला. आयफोनवर संदेशातून जीआयएफ नावाने फाईल यायची, आत मात्र पीडीएफ असायची, आणि तिच्यातल्या जेबिग-२ पद्धतीने आवळलेल्या चित्रात सापळा असायचा. बघणाऱ्याला काही दाबावंही लागत नव्हतं. ॲपलने १३ सप्टेंबर २०२१ रोजी आयओएस १४.८ मध्ये तो दोष बुजवला. ॲपलने जेबिग-२ उलगडणारा कोड एक्सपीडीएफमधून घेतला होता. म्हणजे तशाच धाटणीची चूक पॉपलरमध्येही असणार, आणि ती होतीच. सीव्हीई-२०२२-३८७८४ म्हणून ती नोंदली गेली आणि पॉपलर २२.०९ मध्ये, म्हणजे सुमारे वर्षभराने, दुरुस्त झाली.

अशा वेळी कुणी 'एव्हिन्स अपडेट करून घेतो' म्हणून फक्त त्याच पॅकेजचं नाव दिलं, तर उत्तर मिळतं की नवीनतम आवृत्ती आधीच आहे. उत्तर बरोबर आहे, पण दोष लिबपॉपलर या पॉपलरच्या पॅकेजमध्ये आहे. पोस्टस्क्रिप्ट फाईलींसाठी घोस्टस्क्रिप्ट, टिफसाठी लिबटिफ, अक्षरांसाठी फ्रीटाईप, अशी ही रांग लांब आहे. म्हणून सुरक्षेसाठी एकेक पॅकेज निवडत बसू नये, पूर्ण 'अपग्रेड' चालवावं.

लायब्ररी बदलल्यावर आणखी एक गोष्ट राहते. सकाळपासून उघडा असलेला एव्हिन्स जुनी लायब्ररी मेमरीत धरून बसलेला असतो. डिस्कवर नवी फाईल आली तरी त्याला पत्ता नसतो. सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा. लॉगआउट करून परत आलात तर उत्तमच, कारण मागे चालणारे छोटे प्रोग्रामही नव्याने सुरू होतात. 'नीडरीस्टार्ट' हे साधन बसवलं तर कोण अजून जुनं धरून आहे ते सांगतं. लॅपटॉप महिनोन्‌महिने फक्त झाकण मिटून ठेवणाऱ्यांनी हे जरूर करावं.

दुसरा व्ह्यूअर विसरणं

मशीनवर एकच व्ह्यूअर क्वचित असतो. माटे डेस्कटॉपचा ॲट्रिल आणि लिनक्स मिंटचा एक्सरीडर हे एव्हिन्सच्याच कोडमधून निघालेले. त्यामुळे २०१७ चा दोष त्यांच्यातही उतरला होता. सीबीटी फाईलींच्याच हाताळणीत ॲट्रिलमध्ये सीव्हीई-२०२३-५१६९८ सापडला आणि एक्सरीडरमध्येही त्याच जातीचा दोष नोंदला गेला.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप या एपीटीहून वेगळ्या, प्रोग्राम बसवण्याच्या पद्धती. फ्लॅटपॅकने बसवलेला व्ह्यूअर स्वतःचं पॉपलर सोबत घेऊन येतो, म्हणून एपीटीने कितीही अपडेट केलं तरी तो तसाच राहतो. त्याला 'फ्लॅटपॅक अपडेट' वेगळं चालवावं लागतं. स्नॅप आपोआप ताजे होतात, पण चालू असलेल्या स्नॅपचं अपडेट थांबून राहू शकतं, तेव्हा तोही बंद करून उघडा. ब्राउझरमध्ये पीडीएफ बघत असाल, तर ब्राउझर हाच तुमचा व्ह्यूअर. फायरफॉक्सच्या पीडीएफ.जेएस या पीडीएफ दाखवणाऱ्या भागातला, फॉन्टच्या वाटेने जावास्क्रिप्ट चालवू देणारा दोष मे २०२४ मध्ये फायरफॉक्स १२६ ने बुजवला.

'मी फाईल उघडलीच नाही'

जानेवारी २०११ मध्ये सुरक्षा संशोधक जॉन लॅरिमर यांनी श्मूकॉन या संगणक सुरक्षेच्या परिषदेत दाखवलं की फाईल उघडायची गरजही नसते. पेनड्राइव्ह लावला की फाईल मॅनेजर आतल्या फाईलींची छोटी चित्रं बनवायला घेतो आणि त्यासाठी व्ह्यूअरचाच कोड चालतो. एव्हिन्सच्या डीव्हीआय फाईली वाचणाऱ्या भागातला दोष त्यांनी यासाठी वापरला होता. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह अपडेट न केलेल्या मशीनला लावायचा नाही, तो यासाठी.

उबुंटूवर एव्हिन्सभोवती ॲपआर्मरचं कुंपण असतं, म्हणजे प्रोग्रामने काय करावं आणि काय नाही याचे नियम (प्रोफाईल). दोष असला तरी नुकसान मर्यादित राहावं हा त्याचा उद्देश. पीडीएफमधली लिंक ब्राउझरमध्ये उघडत नाही म्हणून ते प्रोफाईलच बंद करून टाकण्याचा उपाय इंटरनेटवर जागोजागी मिळतो. तो करू नका. लिंक कॉपी करून ब्राउझरमध्ये टाका.

अपडेट अडलं तर

'लॉक मिळालं नाही' असा संदेश आला, तर बहुतेक वेळा मागे स्वयंचलित अपडेट चालू असतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. लॉकची फाईल पुसून टाकणं म्हणजे अर्ध्यात चाललेलं काम मोडणं, आणि मग पॅकेजांची नोंदवही दुरुस्त करत बसावं लागतं.

४०४ (फाईल सापडली नाही) असे संदेश ओळीने येऊ लागले, तर उबुंटूच्या त्या आवृत्तीची मुदत संपली असण्याची शक्यता मोठी. काही जण पॅकेजांचा पत्ता 'ओल्ड-रिलीजेस' करून टाकतात. संदेश थांबतात, पण तिथे नवीन सुरक्षा दुरुस्ती कधीच येत नाही. आवृत्तीच बदलावी लागते. एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीवर असाल, तर 'प्रो सिक्युरिटी-स्टेटस' चालवून पाहा. ओक्युलर, ॲट्रिल यांसारखी, स्वयंसेवक सांभाळतात त्या 'युनिव्हर्स' विभागातली पॅकेजं तिथे वेगळी दिसतील. त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्या उबुंटू प्रो या सेवेतून येतात आणि वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत ते मोफत आहे.

एक खास आपल्याकडची अडचण. डिजिटल सहीचा सातबारा तपासायला 'ॲडोबी रीडरच हवा' असं ठामपणे सांगितलं जातं, म्हणून लिनक्सवर ॲडोबी रीडर ९.५.५ शोधून बसवला जातो. ती २०१३ मधली, लिनक्ससाठीची शेवटची आवृत्ती. त्यानंतर सापडलेला एकही दोष तिच्यात बुजवलेला नाही. सही ओक्युलरमध्ये तपासता येते, किंवा पॉपलरसोबतच्या साधनांतलं 'पीडीएफसिग' वापरता येतं. प्रमाणपत्रावर विश्वास नसल्याची सूचना आली, तर भारताच्या प्रमाणन प्राधिकरणांचं नियंत्रण करणाऱ्या सीसीएचं मूळ प्रमाणपत्र त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन फायरफॉक्सच्या प्रमाणपत्रांत जोडा आणि ओक्युलरच्या सेटिंगमध्ये त्याच प्रोफाईलची जागा निवडा.