जीआरईच्या गाळलेल्या जागा आणि लग्नपत्रिकेचा पुठ्ठा

परदेशात पुढे शिकायचं तर जीआरई ही प्रवेशपरीक्षा देतात. मागच्या वेळी माझ्याकडे साडेतीनशे फ्लॅशकार्डं होती, चार रंगांचे हायलायटर होते आणि व्हर्बलला, म्हणजे तिच्या इंग्रजीच्या भागाला, 146च आले. म्हणून ही यादी.

वही, पेन, शांत कोपरा, हे सांगत बसत नाही. एक पुठ्ठा मात्र कापून घ्या, जुन्या लग्नपत्रिकेचा चालेल. तो पर्यायांवर ठेवायचा. आधी वाक्य वाचायचं, गाळलेल्या जागेत आपला शब्द घालायचा आणि मगच पुठ्ठा उचलायचा. आपला शब्द मराठी असला तरी चालतो. 'आडमुठा', 'तोंडदेखलं', 'कंजूष', जे सुचेल ते. क्लासमध्ये हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि परीक्षेत थेट पर्यायांवर उडी मारली. तिथे पाचही शब्द ओळखीचे निघाले आणि पाचही वाक्यात बसतायत असं वाटायला लागलं. पुठ्ठा घ्या.

पुस्तक जुन्या बाजारातून आणणार असाल तर आधी साल बघा. ऑगस्ट 2011 मध्ये परीक्षा बदलली, विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्या गेल्या. त्याआधीच्या पुस्तकातला तो भाग सोडवण्यात माझे नऊ दिवस गेले. सॅट या अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेतून वाक्यपूर्तीचे प्रश्न 2016 मध्ये काढले, त्यामुळे ती जुनी पुस्तकं स्वस्तात मिळाली तर घ्या, सुरुवातीच्या सरावाला बरी. जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या दोन सराव परीक्षा फुकट आहेत. दोन्ही पहिल्याच आठवड्यात उडवू नका.

शब्द सुटे पाठ करू नका, वाक्यासकट लिहा. अवघड शब्दांपेक्षा ओळखीचेच दगा देतात. 'क्वालिफाइड' म्हणजे पात्र, हे कोणालाही माहीत असतं, पण 'क्वालिफाइड प्रेज' म्हणजे हातचं राखून केलेली स्तुती. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे कंटाळलेला नाही, निःपक्षपाती. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि 'सँक्शन' म्हणजे निर्बंधही. आता काय करणार? वाक्य बघणार. आणि वाक्य बघायचं तर पर्याय झाकलेले हवेत, हे पुन्हा सांगतो.

वाक्यात कलाटणी शोधा. 'सभेत तो क्वचितच तोंड उघडायचा, मित्रांत मात्र तो ____ असे.' 'मात्र' दिसलं की 'बडबड्या' आपोआप सुचतं, मग पर्यायांत 'गॅरुलस' दिसला की हात थरथरत नाही. इंग्रजीत हेच काम 'ऑलदो', 'डिस्पाइट', 'फार फ्रॉम' करतात. अर्धविराम आणि अपूर्णविराम दिसले की थांबा. अपूर्णविरामानंतर बऱ्याचदा उत्तरच लिहिलेलं असतं, आणि आपण ते वाचायच्या आत पर्यायांकडे पळतो. (पुठ्ठा!)

तीन जागा असतील तर पहिलीपासूनच सुरू करायला हवं असं नाही, जी सोपी ती आधी. एक चुकली तरी सगळा प्रश्न गेला, अर्धे गुण वगैरे काही नाही. सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात तिथे समानार्थी जोडी दिसली की टिचकी मारायचा मोह होतो. ती जोडी मुद्दाम ठेवलेली असू शकते. आधी आपला शब्द, मग जोडी.

चुकांची वही ठेवा. शब्द येत नव्हता की वाक्य नीट वाचलं नव्हतं, एवढंच लिहा. माझ्या वहीत वाक्य नीट न वाचल्याचंच कारण जास्त निघालं.

वेळ: व्हर्बलच्या पहिल्या भागात 12 प्रश्न, 18 मिनिटं. दुसऱ्यात 15, 23 मिनिटं. पहिला कसा जातो त्यावर दुसरा किती अवघड ते ठरतं. चुकीला गुण कापत नाहीत, रिकामं काही सोडू नका.

शेवटचे पंधरा दिवस नवे शब्द बंद. सराव स्क्रीनवरच करा. परीक्षेत पुठ्ठा नेता येत नाही, पण केंद्रावर कच्चा कागद देतात. नजर वाक्यावर ठेवायची, आपला शब्द कागदावर लिहायचा, मग खाली बघायचं. ही सवय आत्ताच लावा, त्या दिवशी लागत नाही.

परीक्षेच्या दिवशी: मूळ पासपोर्ट, नाव नोंदणीशी जुळतंय का बघा. स्वेटर. जेवण हलकं. बिघडलंच तर 21 दिवसांनी पुन्हा देता येते, मी देतोय.