बोबड्या बोलांची वही: लहान मुलांच्या घरातल्या गमती कशा टिपून ठेवाव्यात

दोन ते पाच वर्षांचं मूल घरात असलं की दिवसातून चार-दोन वाक्यं तरी अशी कानावर पडतात की हातातलं काम थांबतं. रात्री तेच फोनवर आजीला सांगायला जावं, तर नेमके शब्द आठवत नाहीत. "काहीतरी फार गोड बोलला" एवढंच उरतं. माणसाच्या डोक्यात ऐकलेल्या वाक्याचा अर्थ राहतो, शब्दांची ठेवण मात्र काही मिनिटांतच पुसली जाते. आणि मुलाच्या बोलण्यातली गंमत जवळजवळ सगळी त्या ठेवणीतच असते. म्हणून वही ठेवायची, आणि ती ठेवण्याची एक रीत आहे.

वही, पेन आणि जागा

शिवलेल्या बांधणीची, पुठ्ठ्याच्या कव्हरची दोनशे पानी वही घ्या. तारेची नको. तिची पानं सुटतात आणि तार उसवणं हा मुलांचा आवडता उद्योग आहे. साधं बॉलपेन वापरा, कारण दुधाचा किंवा ओल्या हाताचा डाग पडला की जेलपेनची शाई पसरते. वही जिथे गमती घडतात तिथे हवी, म्हणजे बहुतेक घरांत स्वयंपाकघरात, मुलाचा हात पोचणार नाही अशा फळीवर. कपाटात जपून ठेवलेली वही आठवड्याभरात बंद पडते.

हाताशी वही नसेल तर कुठल्याही कागदावर लिहा, पण दुकानाच्या छापील बिलाच्या गुळगुळीत कागदावर नको. तो उष्णतेने काळा पडतो किंवा त्यावरचं उडून जातं. चिठ्ठी त्याच आठवड्यात वहीत उतरवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वह्यांना बुरशी धरते, तेव्हा वर्षातून एकदा सगळ्या पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.

नोंदीत काय हवं

तारीख, मुलाचं वय, जागा आणि हजर माणसं, आधी कोण काय बोललं, आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे. वय वर्ष आणि महिना असं लिहा. बालभाषेचे अभ्यासक मध्ये अर्धविराम घालतात: २;७ म्हणजे दोन वर्षं सात महिने. "अडीचएक वर्षांची असेल" अशी नोंद पुढे काही सांगत नाही, कारण या वयात तीन महिन्यांत भाषा पार बदलते.

सगळ्यात जास्त वेळा राहून जातं ते "आधी कोण काय बोललं". हा नमुना बघा:

१४ ऑगस्ट २०२५. वय २;७. स्वयंपाकघर. आजी पोळ्या लाटतेय.
आजी: जरा पाणीबिणी पी गं.
ती (पेला रिकामा करून): पाणी पिले. आता बिणी दे.

यातली आजीची ओळ काढली तर "बिणी दे" याला काहीच अर्थ उरत नाही. मूल काय करत होतं हे कंसात चार शब्दांत लिहा आणि मुलाच्या शेवटच्या वाक्यावर थांबा. "आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो" ही ओळ लिहू नका. दहा वर्षांनी वाचणारा आपोआप हसतो, त्याला सांगावं लागत नाही.

क्रम असा ठेवा. मूल बोलत असताना मध्ये पडू नका, त्याला पूर्ण बोलू द्या. मग दहा मिनिटांच्या आत फक्त मुलाचं वाक्य आणि त्याच्या आधीचं वाक्य लिहा. बाकी तपशील रात्री भरला तरी चालतो. पोळी तव्यावर असेल तर वाक्य दोन-तीनदा मोठ्याने घोळवा, किंवा फोनवर स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. बोलून टाइप करायची सोय इथे उपयोगाची नाही, कारण ती बोबडा शब्द ओळखीच्या शब्दात बदलून टाकते. टाइप करणार असाल तर आपोआप दुरुस्ती बंद करा. "तेलं" लिहिलं की फोन त्याचं "तेल" करतो, आणि मुलाने मागितलेलं केळं गेलं.

बोबडे शब्द कसे लिहायचे

देवनागरीत हे सोपं जातं. जसं ऐकू आलं तसं लिहा आणि मूळ शब्द कंसात द्या: तातू (काकू), दाली (गाडी), बाल (बाळ), छाळा (शाळा). "क"चा "त", "ग"चा "द" आणि "र"चा "ल" हे बदल बहुतेक घरांत दिसतील. "र" आणि "ळ" उशिरा येतात, त्यामुळे मूल चार वर्षांचं झालं तरी नोंदींत त्यांचे बदल सापडतील. अक्षरांची अदलाबदल झालेले शब्द वेगळ्या पानावर गोळा करा: चाकूचा काचू, चिखलाचा खिचल. हे पान पुढे सगळ्यांत जास्त उघडलं जातं.

च, ज, झ यांच्याकडे नीट कान द्या. चमच्यातला च आणि चहातला च मराठीत वेगळे आहेत. मूल एक नीट म्हणतं आणि दुसरा नाही, असं पुष्कळदा होतं. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून समासात खूण करा.

मूल एकाच शब्दाने किती गोष्टी दाखवतं तेही टिपा. "भूभू" फक्त कुत्र्याला की म्हशीलाही? "चांदोबा" आकाशातल्यालाच की बाथरूमच्या गोल दिव्यालाही? एका पानावर शब्द आणि त्याखाली मुलाने तो कशाकशाला लावला त्याची यादी करा. चार्ल्स डार्विनने १८३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या अशाच नोंदी ठेवल्या होत्या आणि १८७७ मध्ये त्यांवर लेख छापला. त्या मुलाने बरोबर एक वर्षाचा असताना खाण्यासाठी स्वतःचा शब्द काढला: मम. पुढे साखरेला "शु-मम" आणि काळ्या ज्येष्ठमधाला "ब्लॅक-शु-मम". आपल्याकडे घराघरांत चालणाऱ्या "मम्मं"च्या इतका जवळचा शब्द तिकडे इंग्लंडमधल्या एका बाळाने काढला, हे आपल्याला कळतं ते बापाने त्याच वेळी लिहून ठेवलं म्हणून.

गंमत नेमकी कशात आहे ते ओळखा

हे कळलं की कान तयार होतो आणि एरवी निसटणाऱ्या गोष्टी हाती लागतात.

पहिली जात व्याकरणाची. मूल "चिमणी मरली" म्हणतं, "मी करलं" म्हणतं. मोठी माणसं "मेली" आणि "केलं" म्हणतात, म्हणजे मुलाने हे कुणाकडून ऐकलेलं नाही. "पडली", "बसली", "तुटली" ऐकून त्याने नियम काढला आणि "मर"ला लावला. गमतीची गोष्ट अशी की हेच मूल काही महिन्यांपूर्वी "केलं" बरोबर म्हणत असू शकतं, कारण तेव्हा ते नुसतं ऐकलेलं परत म्हणत होतं. बरोबर, मग चूक, मग परत बरोबर असा हा प्रवास असतो, आणि तारखा असतील तरच तो वहीत दिसतो. मधली चूक ही प्रगती आहे. टोकायची गरज नाही. "हो का, मेली चिमणी?" एवढं सहज म्हटलं की योग्य रूप कानावर पडतं आणि संभाषणही तुटत नाही.

दुसरी खास मराठीतली. आपलं क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणून दिवसभर आई-आजीबरोबर असलेला मुलगा "मी येते, मी जेवते" म्हणतो, आणि बाबांच्या मागे फिरणारी मुलगी "मी जातो" म्हणते. हे कधी सुरू झालं आणि कधी बदललं ते लिहा. कोल्हापूरकडच्या घरात मात्र "मी जातो" म्हणणारी मुलगी चुकत नसते, तिथे बायकाही तसं बोलतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर घरात कोण कुठल्या बोलीत बोलतं ते नोंदवा. आई विदर्भातली आणि बाबा रत्नागिरीचे असतील तर मुलाच्या निम्म्या गमतींचा उगम तिथेच सापडेल. पुण्या-मुंबईत आणि परदेशात इंग्रजीची भर पडते: "मी जंपतोय", "बाबा स्लीपतोय". इंग्रजी धातू आणि शेपूट चोख मराठी. मराठी बिघडली म्हणून यावर हळहळू नका. मराठीचे प्रत्यय मुलाच्या तोंडात पक्के बसल्याची ती खूण आहे.

तिसरी जात वाक्प्रचारांची. "पोटात कावळे ओरडतायत" म्हटल्यावर मूल पोटाला कान लावतं. "जरा डोळा लागला होता" म्हटल्यावर "कुठे लागला? बाऊ झाला?" विचारतं. इथे मोठ्या माणसाचं वाक्य शब्दशः हवंच.

चौथी वेळेची. मागचं सगळं "काल" आणि पुढचं सगळं "उद्या", मग गणपती चार महिन्यांपूर्वी येऊन गेले तरी ते कालच. "परवा" मागेही आणि पुढेही चालतो, त्यामुळे त्यावर मुलं अडखळली तर नवल नाही.

पाचव्या जातीत गंमत शब्दांत नसते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. आजीने फोनवर "जेवलास का?" विचारलं की मूल नुसती मान हलवतं. व्हिडिओ कॉलवर लाडू पडद्याला लावून भरवतं. लपाछपीत स्वतःचे डोळे झाकून "मी लपलो" म्हणतं. दुसऱ्याला काय दिसतं आणि काय नाही हे समजायला अजून वेळ आहे, ते अशा प्रसंगांतून कळतं. भातुकलीत बाहुलीला रागावताना मूल कुणाचा सूर लावतं, हेही लिहा. घरातल्या त्या व्यक्तीला ते वाचून बरंच काही कळतं.

कुठे बिघडतं

मुलासमोर खो-खो हसलात तर दोनपैकी एक होतं: मूल दुखावतं आणि गप्प होतं, किंवा तेच वाक्य पाहुण्यांसमोर वीसदा म्हणून दाखवतं. दोन्हींत मूळ गंमत संपते. हसू आलं तर मुलाबरोबर हसा, त्याच्याकडे बोट दाखवून नको. "परत म्हण ना, परत म्हण ना" हे पूर्ण टाळा. कॅमेरा पुढे आला की मूल बोलणं सोडून नाटक करतं, त्यामुळे चित्रफितीपेक्षा नुसता आवाज बरा. फोन उलटा ठेवून पाच मिनिटं ध्वनिमुद्रण करा आणि फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, "२०२५-०८-१४ भातुकली" असं, म्हणजे सगळ्या फाइली आपोआप क्रमाने लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर सांभाळू म्हणून सोडू नका. स्टेटस चोवीस तासांत जातं, गटात संदेश आपोआप पुसायची सोय चालू असेल तर तेही जातात. फोटो पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा उतरत नाही.

शिवी किंवा नको तो शब्द मुलाने म्हटला तर चेहरा कोरा ठेवा. एकदा हशा मिळालेला शब्द महिनाभर जात नाही. वहीत लिहा, पण दुसऱ्या खोलीत जाऊन.

शी-शू, अंघोळ, रडारड आणि नाव-शाळा कळेल असं काही सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या गटात टाकू नका. मूल मोठं झाल्यावर वर्गात कुणी ते दाखवलं तर त्याला कसं वाटेल, एवढाच प्रश्न विचारा.

आणि गंमत कुठे संपते ते ओळखा. नाकात घातलेला मणी किंवा चिंचोका घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, तो आत सरकतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. घड्याळाचा किंवा रिमोटचा गोल चपटा सेल गिळला असा नुसता संशय आला तरी लगेच रुग्णालयात निघा, दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. मूल "मी मी मी" असं अडखळत असेल तर त्याची नक्कल कुणालाही करू देऊ नका. दोन ते पाच या वयात असं अडखळणं पुष्कळ मुलांत येतं आणि जातं. महिनोन् महिने टिकलं तर वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा.

वहीचा उपयोग इथेही होतो. साधारण अंदाज असा: परक्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं समजावं, तीन वर्षांच्याचं पाऊण, चार वर्षांच्याचं जवळजवळ सगळं. दोन वर्षं पूर्ण होऊनही "बाबा आले", "दूध दे" अशी दोन शब्दांची जोडी येत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले, तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या. "बोलतो तसा थोडंफार" याऐवजी तारखांसह शब्दांची यादी पुढे ठेवली की डॉक्टरांचं काम सोपं होतं.

रोज लिहायचं बंधन घालू नका. आठवड्याला तीन नोंदी पुरे. दोन भावंडं असतील तर वही एकच ठेवा, म्हणजे त्यांची आपसातली बोलणी तुटत नाहीत, आणि दर नोंदीला कोण ते आद्याक्षराने लिहा. शेवटची वीस पानं मात्र कोरी सोडा. पाच-साडेपाच वर्षांच्या सुमाराला मूल स्वतःची कोडी घालू लागतं आणि त्यांची उत्तरंही स्वतःच ठरवतं. ती त्याने सांगायची आणि तुम्ही त्याच्या शब्दांत, एक अक्षरही न सुधारता, लिहायची. जुन्या नोंदी त्याला वाचून दाखवा. एखादी त्याला नको वाटली आणि खोडायला सांगितली, तर खोडा.