महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज: कॅप फेरीपासून खात्यात पैसे जमा होईपर्यंत

महाडीबीटी, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्यांसाठीचे ऑनलाइन पोर्टल, यावरचा अर्ज प्रवेश झाल्यानंतर भरायचा असला, तरी शिष्यवृत्ती मिळणार की नाही हे बऱ्याच अंशी प्रवेशाच्या आधीच ठरलेले असते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा व्यवस्थापन यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्काचा लाभ मिळण्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप’ म्हणतात त्या फेऱ्यांतून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात काम करताना दरवर्षी असे दोन-तीन पालक टेबलासमोर बसलेले मी पाहिले, ज्यांच्या मुलाने कॅपमध्ये मिळालेली जागा ‘जरा चांगल्या’ महाविद्यालयासाठी सोडली आणि तेथे संस्थास्तरावर प्रवेश घेतला. चार वर्षांचे संपूर्ण शुल्क आता आपल्यालाच भरायचे आहे, हे त्यांना पहिल्या सत्राच्या मध्यावर समजले. म्हणून पसंतीक्रम भरतानाच घरात कागद-पेन घेऊन हिशेब मांडावा आणि त्यात महाविद्यालयाच्या नावाइतकेच वजन प्रवेशाच्या प्रकाराला द्यावे.

याच टप्प्यावर शिक्षणशुल्क माफी योजनेचाही विचार करावा. या योजनेखाली मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के अधिसंख्य, म्हणजे त्या क्षमतेच्या वरच्या जादा, जागा असतात, कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असलेल्यांना त्या गुणवत्तेनुसार मिळतात आणि त्या जागेवर शिक्षणशुल्क द्यावेच लागत नाही. त्यासाठीचा दावा मात्र कॅपच्या अर्जातच करायचा असतो. प्रवेश झाल्यावर तो करता येत नाही.

आपण कोणत्या योजनेत बसतो, हे प्रवर्ग, उत्पन्न आणि अभ्यासक्रम या तीन गोष्टींवर ठरते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचे कौटुंबिक उत्पन्न २.५ लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे शुल्क आणि निर्वाहभत्ता दोन्ही, मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असल्यास ‘फ्रीशिप’, म्हणजे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क यांची प्रतिपूर्ती, हा मार्ग राहतो. खुल्या प्रवर्गातील ज्या कुटुंबांचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांच्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असून तीत व्यावसायिक अभ्यासक्रमांचे साधारणपणे निम्मे शिक्षणशुल्क मिळते. मुलींच्या बाबतीत ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठा फरक पडला. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी २०२४-२५ पासून शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क यांचा शंभर टक्के लाभ देण्यात येतो. ‘मुलींचे शिक्षण मोफत’ अशा मथळ्यांमुळे होणारा गैरसमज मात्र दूर करायला हवा: वसतिगृह, खानावळ, बस आणि गणवेश यांचा खर्च यात येत नाही, आणि या योजनेसाठीही अर्ज करावाच लागतो.

कागदपत्रे: एकच नाव, चार स्पेलिंगे

कागदपत्रांची यादी कोणत्याही सूचनाफलकावर मिळेल: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, कॅपचे वाटपपत्र, शुल्काची पावती. मध्ये एखादे वर्ष वाया गेले असल्यास खंड प्रमाणपत्र. अर्ज अडतो तो बहुधा या कागदांवरच्या नावांमुळे, कागद कमी असल्यामुळे क्वचितच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर ते शेवटी असते, आणि बँकेच्या पासबुकावर वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर असते. एवढा फरक चालून जातो. परंतु एका कागदावर ‘दत्तात्रय’ आणि दुसऱ्यावर ‘दत्तात्रेय’, किंवा जन्मतारखेत महिन्याचा फरक, अशी गोष्ट असेल तर ती जूनमध्येच आधार केंद्रावर जाऊन दुरुस्त करून घ्यावी. दुरुस्तीसाठी दहावीचे प्रमाणपत्र हाच आधार धरावा, कारण पुढे नोकरीपर्यंत तेच चालते आणि ते बदलणे सर्वांत अवघड असते.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. येथे तहसीलदारांचाच दाखला लागतो. वेतनचिठ्ठी किंवा आयकराचे विवरणपत्र तो दाखला काढण्यासाठी उपयोगी पडते, त्याच्याऐवजी नव्हे. शेतकरी कुटुंबाला तलाठ्याचा अहवाल घ्यावा लागतो आणि पेरणीच्या दिवसांत तलाठी सापडणे हे वेगळेच काम होऊन बसते, म्हणून एप्रिल-मेमध्येच अर्ज टाकावा. दाखला हातात आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: तो आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा आहे का, त्याची मुदत चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत आहे का, आणि त्यावरचा बारकोड क्रमांक स्वच्छ वाचता येतो का. हा क्रमांक पोर्टलवर टाकला की दाखल्याची पडताळणी होते. शिवाय दाखल्यावरची रक्कम आणि अर्जात भरलेली रक्कम रुपयासह एक असावी. ‘अंदाजे’ लिहिलेला आकडा अर्ज परत येण्यास पुरेसा असतो.

अर्ज स्वतः भरावा

सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात अर्ज भरून घेण्यात गैर काही नाही, पण तेथे होणारी एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. केंद्रचालकाकडे रांग असते, ओटीपीसाठी थांबायला त्याला वेळ नसतो, म्हणून तो संपर्कासाठी स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल टाकतो. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड एका चिठोऱ्यावर लिहून देतो. ते चिठोरे दिवाळीपर्यंत हरवते. महाविद्यालय किंवा विभाग त्रुटी दाखवून अर्ज परत पाठवतो, तेव्हा त्याचा संदेश केंद्रचालकाच्या फोनवर जाऊन पडतो आणि विद्यार्थी इकडे पैशांची वाट पाहत राहतो. एका विद्यार्थिनीचा अर्ज अशा प्रकारे अडीच महिने ‘परत’ अवस्थेत पडून होता. त्रुटी एवढीच होती की तिच्या गुणपत्रिकेची मागची बाजू वर दिसत होती.

तेव्हा खाते आपल्या मोबाइल क्रमांकावर उघडावे आणि पासवर्ड घरातल्या वहीत नोंदवून ठेवावा. आधार क्रमांकाने नोंदणी झाल्यावर प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, सध्याचा अभ्यासक्रम, पूर्वीचे शिक्षण आणि वसतिगृह असे भाग क्रमाने भरावे लागतात. यांतील ‘सध्याचा अभ्यासक्रम’ हा भाग महाविद्यालयाचे नाव, शाखा, प्रवेशाची तारीख आणि प्रवेशाचा प्रकार नीट पाहून भरावा. एकाच संस्थेची पदविका आणि पदवी अशी दोन महाविद्यालये एकाच आवारात असतील, तर नावांत हटकून घोटाळा होतो आणि अर्ज भलत्याच महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये जातो. स्कॅन केलेली फाइल २५६ केबीच्या आत बसवावी लागते. ती इतकीही दाबू नये की शिक्का वाचता येणार नाही. मोबाइलवर काढलेला, अंगठ्याची सावली पडलेला फोटो जोडण्यापेक्षा दहा रुपये देऊन स्कॅन करून घेणे शहाणपणाचे ठरते.

अर्ज सादर झाल्यावर मिळणारा अर्ज क्रमांक टिपून घ्यावा, छापील प्रत काढावी आणि ती कागदपत्रांच्या प्रतींसह महाविद्यालयाच्या कार्यालयात पोच घेऊन द्यावी. पोर्टलवरचे ‘सादर’ हे काम पूर्ण झाल्याचे लक्षण नव्हे. तेथून अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, नंतर संबंधित विभागाच्या जिल्हा वा विभागीय कार्यालयाकडे जातो, आणि प्रत्येक ठिकाणी तो थांबू शकतो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून अर्ज कोठे आहे ते पाहावे. महाविद्यालयाकडेच महिनाभर अडकला असल्यास तोंडी विचारत बसण्यापेक्षा अर्ज क्रमांक घालून दोन ओळींचे पत्र द्यावे. लेखी पत्राची नोंद होते, तोंडी विचारणा कोणाच्या लक्षात राहत नाही.

पैसे नेमके कोणत्या खात्यात येतात?

अर्जात बँकेचा खाते क्रमांक लिहिला म्हणून पैसे त्याच खात्यात येतील, असे नाही. थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे जाते आणि राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत तुमचा आधार ज्या बँकेशी जोडलेला असेल, तेथे ती पोहोचते. खात्याच्या केवायसीसाठी आधारची प्रत देणे वेगळे आणि या नोंदीत आधार ‘सीड’ होणे वेगळे. बँकेत त्यासाठी स्वतंत्र संमतिपत्र भरून द्यावे लागते. सिमकार्ड घेताना दुकानदाराने एखादे पेमेंट बँकेचे खाते उघडून दिले असेल आणि आधार तिकडे जोडला गेला असेल, तर शिष्यवृत्ती त्या विस्मरणात गेलेल्या खात्यात जमा होते. माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये आपली बँक कोणती दिसते, हे अर्ज करण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

खात्याच्या प्रकाराकडेही लक्ष द्यावे. शाळेत असताना अपुऱ्या केवायसीवर उघडलेल्या ‘लहान खात्या’त एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एकूण १ लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही. शाळेच्या छोट्या शिष्यवृत्तीला पुरलेले हे खाते अभियांत्रिकीच्या शुल्काची रक्कम परत फिरवते. पूर्ण केवायसी करून ते साध्या बचत खात्यात बदलून घ्यावे. शुल्काची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात आली, तरी ती महाविद्यालयाची असते, याची आठवण पालकांनी ठेवावी. घरातल्या दुसऱ्या अडचणीला ती वापरली गेली की परीक्षेचा अर्ज अडतो.

राहण्या-जेवण्याचा खर्च आणि उरलेली रक्कम

गावाकडून शहरात येणाऱ्या मुलाला कधीकधी शुल्कापेक्षा खोलीभाडे जड जाते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महसुली विभागीय शहरांत आणि ‘क’ वर्ग महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, तर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये अशी तिची रचना आहे. साठ हजारांत ३२ हजार भोजनाचे, २० हजार निवासाचे आणि ८ हजार निर्वाहाचे धरलेले असतात. विद्यार्थी त्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा आणि त्याची उपस्थिती ७५ टक्के असावी, या अटी आहेत. याच धर्तीवर इतर मागास व भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतरांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. तंत्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षातील मुलींसाठी ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची असून उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत ती मिळते. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या २० टक्क्यांत आलेल्या आणि ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पदवीसाठी वर्षाला १२ हजार रुपयांची केंद्रीय शिष्यवृत्ती मागता येते. एकाच कारणासाठी दोन शासकीय शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत, म्हणून आधी बेरीज करून मोठी कोणती ते ठरवावे.

तरीही रक्कम कमी पडल्यास कर्ज हा शेवटचा मार्ग आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक उच्च शिक्षणसंस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असून दुसऱ्या शासकीय शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ मिळत नसल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष ३ टक्के व्याज सवलत आहे. शिष्यवृत्तीचा निकाल लागेपर्यंत कर्जाची संपूर्ण रक्कम उचलू नये. सत्रानुसार उचलली की व्याज तेवढेच कमी बसते.

दुसऱ्या वर्षी हा सगळा अर्ज नूतनीकरण म्हणून पुन्हा भरावा लागतो, तो आपोआप पुढे सरकत नाही. त्या वेळी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका हाताशी नसते, कारण विद्यापीठाचा निकाल उशिरा लागतो. म्हणून निकाल लागताच त्याची प्रत काढून नव्या उत्पन्न दाखल्याबरोबर त्याच फाइलमध्ये लावून ठेवावी आणि एखादा विषय राहिला असला तरी अर्ज न भरता बसू नये, तर नियमाने पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला आहे का ते कार्यालयात विचारून भरावा.