डिस्कवरचं चित्र फुटतं तेव्हा दोष नेमका कुठला, हे कसं ओळखायचं

चित्र खराब दिसलं की खापर डिस्कवर फुटतं. पण दोष पाच ठिकाणी शिरू शकतो: मूळ मास्टर (डिस्क जिच्यावरून बनते ती प्रत), एन्कोडिंग (चित्र डिस्कवर मावेल असं दाबणं, म्हणजेच कॉम्प्रेशन), डिस्कचा पृष्ठभाग, प्लेअर आणि टीव्ही. विकत आणलेल्या डिस्कच्या बाबतीत पहिल्या दोन ठिकाणी तुमचं काही चालत नाही, उरलेल्या तीन ठिकाणी चालतं. म्हणून तपासणी शेवटच्या टोकापासून, म्हणजे टीव्हीपासून सुरू करा.

टीव्हीचा पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वर असेल तर आधी ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’वर आणा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि नॉइज रिडक्शन बंद करा. मग एखादं काळं अक्षर किंवा आकाशासमोरची तार पडद्यावर थांबवून शार्पनेस कमी करत जा. कडेभोवतीची पांढरी रेघ जिथे नाहीशी होते तिथे थांबा. तटस्थ जागा काही टीव्हींवर शून्यावर असते, काहींवर मधोमध, त्यामुळे आकड्याच्या मागे लागू नका. शार्पनेस तळाला नेऊनही रेघ गेली नाही, तर ती मास्टर तयार करतानाच कडा उठावदार करण्याच्या नादात चित्रात भाजली गेली आहे. तिच्यावर घरी इलाज नाही. ब्राइटनेस वाजवीपेक्षा जास्त असेल तर अंधाऱ्या प्रसंगातले ठोकळे (कॉम्प्रेशनने चित्रात उमटणारे चौकोन) उघडे पडतात. तो इतकाच ठेवा की काळा कोट काळाच दिसेल आणि त्याच्या घड्याही दिसतील.

केबलही बघून घ्या. पिवळ्या पिनेच्या कंपोझिट केबलमध्ये रंग आणि उजेड एकाच तारेतून जातात. त्यामुळे रंगीत कडांवर मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकतात. एचडीएमआय लावलं की ते जातात, कारण ते कॉम्प्रेशनचे नव्हतेच.

आता ओरखडा की कॉम्प्रेशन? जिथे चित्र फुटलं ती जागा दोन-तीनदा मागे जाऊन पाहा. कॉम्प्रेशनचा दोष प्रत्येक वेळी हुबेहूब तसाच येतो, आवाज स्वच्छ राहतो आणि ठोकळे चित्रातल्या हालचालीला धरून असतात: उसळतं पाणी, धूर, कॅमेऱ्यांचे फ्लॅश, हळूहळू काळोखात विरणारा प्रसंग. ओरखड्याचे ठोकळे कुठेही उगवतात, बहुधा हिरवे किंवा राखाडी, सोबत आवाजही तुटतो. डीव्हीडीवर ते बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण सेकंदात आपोआप साफ होतात, कारण साधारण दर १२ ते १५ फ्रेमनंतर एक पूर्ण फ्रेम नव्याने येते आणि मधल्या फ्रेम तिच्यापासून झालेले बदल तेवढे सांगतात. अशी डिस्क मऊ, बिनधाग्याच्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसल्याने ओरखडा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि प्लेअरची चूक दुरुस्त करण्याची क्षमता तिथेच संपते.

दोष कॉम्प्रेशनचाच ठरला, तर पुढचा प्रश्न बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला किती बिट खर्च होतात त्याचा, आणि इथे कागद-पेन्सिल पुरते. व्हिडिओच्या फाइलींची एकूण जीबी गुणिले ८०००, भागिले सेकंद: आला सरासरी बिटरेट एमबीपीएसमध्ये (सेकंदाला दहा लाख बिट म्हणजे एक एमबीपीएस), आवाज धरून. (४.७ जीबीची डिस्क विंडोज सुमारे ४.३८ दाखवतं. त्या आकड्याला ८५९० ने गुणा.) ४.७ जीबीवर दोन तासांचा चित्रपट म्हणजे ५.२ एमबीपीएस, चांगल्या एन्कोडरला पुरेसे. तेवढ्याच डिस्कवर अडीच तासांचे तीन चित्रपट कोंबले तर प्रत्येकाच्या वाट्याला १.४ एमबीपीएस येतात. व्हीसीडीचा, म्हणजे डीव्हीडीआधीच्या व्हिडिओ सीडीचा, व्हिडिओ १.१५ एमबीपीएसवर चालतो, पण तिचं चित्र फक्त ३५२ × २८८ असतं. पाल (भारतातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीचं ७२० × ५७६ म्हणजे चौपट. जवळपास तेवढ्याच बिटांत चौपट चित्र भागवायचं म्हटलं की ‘डीव्हीडी’ असं छापलेली डिस्क व्हीसीडीपेक्षा वाईट दिसते, यात नवल नाही.

संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डिस्क लावून ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे सरकवा. भिंतीवरचा किंवा गवताचा पोत ठरावीक फ्रेमनंतर एकदम ताजा होऊन पुन्हा पुसट होत असेल, तर ती बिटरेटची ओढाताण आहे. अक्षरांभोवती चिलटं घोंगावल्यासारखी दिसतात तीही त्याच घराण्यातली. मात्र ती चालत्या चित्रातच जास्त खुपतात. नुसतं थांबवलेलं चित्र बघून डिस्कला नापास करू नका.

हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर तो इंटरलेसिंगचा (एक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन फील्डमध्ये विभागण्याचा) प्रश्न आहे. व्हीएलसीत ‘डी’ दाबून डीइंटरलेस चालू करा. दात गेले तर डिस्क निर्दोष. लाल कडांच्या पायऱ्यांचं मात्र वेगळं आहे. डीव्हीडीत रंगाची माहिती निम्म्या रुंदी-उंचीतच साठवलेली असते, त्यामुळे थोड्या पायऱ्या राहणारच. त्यात आडव्या रेषांचे दातेही दिसत असतील तर प्लेअर रंग चुकीच्या पद्धतीने उलगडतो आहे. दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहा.

ब्ल्यू-रेवर व्हिडिओला ४० एमबीपीएसपर्यंत वाव असतो, त्यामुळे ठोकळे सहसा दिसत नाहीत. तिथे सतावतात ते आकाशातले रंगाचे पट्टे (८ बिटांत एका रंगाच्या २५६ च पायऱ्या) आणि मेणाच्या पुतळ्यासारखे चेहरे. फिल्मचे कण पुसण्याच्या हौसेने मास्टरवर नॉइज रिडक्शन फिरवलं की त्वचेचा पोतही त्याबरोबर जातो. बिटरेट कितीही असो, पुसलेलं परत येत नाही.

जुन्या कॅसेटींवरून स्वतः डीव्हीडी बनवत असाल तर एन्कोडिंगही तुमच्याच हाती आहे. ४.७ जीबीवर दोन तासांपेक्षा जास्त घालू नका. घालायचंच असेल तर चित्राचा आकार ३५२ × ५७६ निवडा. तोही डीव्हीडीच्या नियमात बसतो, आणि व्हीएचएसमध्ये तसाही त्याहून फारसा तपशील नसतो. टू-पास व्हेरिएबल बिटरेट (आधी पूर्ण चित्रण तपासून मग गरजेप्रमाणे बिट वाटण्याची पद्धत) निवडा, कमाल मर्यादा ८ एमबीपीएसच्या आसपास ठेवा. नियम ९.८ पर्यंत मुभा देतो, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर काही प्लेअर तिथे अडखळतात. एन्कोड करण्याआधी हलका डीनॉइज फिल्टर लावा, कारण कॅसेटवरची खरखर दर फ्रेमला बदलते आणि बिट गिळते. चित्राच्या तळाशी थरथरणाऱ्या रेषा असतात, त्यांवर काळी पट्टी ओढा. फील्ड ऑर्डर (कोणतं फील्ड आधी, तो क्रम) कॅप्चर करताना होता तोच ठेवा. मिनीडीव्ही कॅमेऱ्याचं चित्रण खालच्या फील्डपासून सुरू होतं. ऑर्डर उलटा पडला तर हालचाल पुढे-मागे झटके देते आणि माणसं चालताना थरथरतात. एका मिनिटाचा, भरपूर हालचालीचा तुकडा रीरायटेबल डिस्कवर टाकून टीव्हीवर पाहा. संगणकाच्या पडद्यावर हा दोष लपून राहतो.